बारा मे आणि कॉर्नेट

मी चौथी नापास माणूस. सोळा वर्षं फौजेच्या बँडमध्ये काढली. भूत, करणी, भानामती असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून चालायला लागतो. आजही लागतो. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. लिहितोय तेही भीती वाटते म्हणून नाही... एका माणसाच्या नावाला माझ्यामुळं बट्टा लागला, म्हणून.

पेन्शनीला आल्यावर साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागं मी बँड काढला. चौदा माणसं, लाल कोट, पांढऱ्या विजारी. शिस्त फौजेची. मी हात खाली टाकला की चौदा वाद्यं एका झटक्यात बंद. कुणाची एक फुंकर मागं राहायची नाही. फलटणपासून सांगलीपर्यंत आमचं नाव होतं, हे माझं मी सांगत नाही, त्या काळचे लोक सांगतील.

नाव खरं तर यशवंताचं. यशा माझा लहानपणचा दोस्त. कॉर्नेट वाजवायचा, तोंडानं फुंकायचं पितळी वाद्य. फौजेत गेलेला नाही, शिकवला मीच, पण माझ्यापेक्षा लय पुढं गेला. त्यानं सूर लावला की बाया हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या.

त्र्याहत्तर साल, बारा मे. फलटणकडचं एक गाव, ऊसवाल्या बागायतदाराचं लग्न. दुपारी परण्या निघाला — नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो तो. देवळापुढं मी हात खाली टाकला. सगळे थांबले... आणि कॉर्नेट सुरू झालं. एकटंच. सिनेमाचं गाणं नव्हतं. फौजेत जवान गेला की त्याला शेवटची सलामी देताना बिगूल वाजतो ना, ती धून. सावकाश, एकसुद्धा सूर न चुकवता.

गर्दीत एक पेन्शनर सुभेदार होते. फेटा बांधलेले, हातात पानाची चंची. चंची खाली पडली अन् म्हातारा ताठ उभा, सावधानमध्ये. मग सगळ्या गावाला कळलं हे काय वाजतंय.

नवऱ्याचा चुलता माझ्या अंगावर आला. "लगीन हाय का मयत रं? कुणाला माती द्याया आलायसा?"

आम्हाला वेशीबाहेर काढलं. मी यशाला बाजूला घेतलं.

"त्वांड उघड."

"तात्या, प्यालेलो न्हाई."

"उघड म्हणतो ना!"

वास नव्हता. म्हणाला, "आईशप्पत तात्या, तुमी हात टाकला तवाच मी कॉर्नेट खाली घेतलं. मला ती धून येत बी न्हाई."

येत नाही हे खरं होतं. बँडमध्ये अशुभ नको म्हणून मी ती कुणालाच शिकवली नव्हती. पण मग मला दुसराच संशय... कुणी शिकवली याला? तरी दोस्त म्हणून एक डाव सोडलं.

पुढच्या साली सांगलीत, विश्रामबागला, एका साहेबाच्या मुलाचं लग्न. भर दुपार, कडक ऊन. पुन्हा हात टाकला. पुन्हा तेच! पाठीमागनं, माझ्या खांद्यावरनं. वळलो तर यशाच्या हातात कॉर्नेट, डोळे पांढरे, अन् सगळी वरात त्याच्याकडं बघतीय. साहेबाची बायको तिथंच मटकन खाली बसली.

खोलीवर येऊन बुकिंगची वही उघडली. बारा मे. मागल्या साली? बारा मे. वही आणखी मागं चाळली. बँडचं पहिलं लग्न वाजवलं ती तारीखसुद्धा बारा मेच! त्या दिवशी मात्र असलं काही घडलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या भटजींना विचारलं. पंचांग बघून म्हणाले, मागल्या साली शुद्ध दशमी होती, यंदा वद्य षष्ठी. ना अमावस्या, ना एक तिथी.

झालं. माझं डोकं तिथंच पक्कं झालं. आपल्याकडं श्राद्ध तिथीला घालतात, पितर जेवायला तिथीला येतात. जे काय येतं-जातं ते तिथीनं. इंग्रजी तारीख कोण बघतो? कॅलेंडर भिंतीला लावलेला जिवंत माणूस. म्हणजे कुणीतरी ठरवून, तारीख धरून माझा बँड बुडवतंय. सांगलीतल्या दुसऱ्या एका बँडवाल्यानं यशाला फितवलंय, असं मी मनाशी धरलं. पुरावा काय? काही नाही. पण मी एकदा धरलं की धरलं.

सगळ्यांच्या देखत म्हणालो, "त्वांड तुझं, फुंकर तुझी. मग वाजवलं कुणी, मी?"

यशानं कॉर्नेट फडक्यानं पुसलं, पेटीत ठेवलं, कोट काढून घडी घातली. "न्हाई वाजवलं तात्या. आता तुमास्नी पटंना तर माझा इलाज न्हाई." गेला. सांगलीला हळदीच्या पेठेत पोती उचलायला लागला. ज्या हातात कॉर्नेट, त्या हातात हमालाचा हूक.

पंच्याहत्तर साली मी कॉर्नेटवाला ठेवलाच नाही. क्लॅरिनेटवर भागवलं. आणि बारा मेचं बुकिंग मुद्दाम घेतलं, साताऱ्याजवळच. ढोलवाला शिदू म्हणाला, "तात्या, त्या तारखेला घरी बसू की. कशाला इषाची परीक्षा?"

"तू ढोल बडव. अक्कल मी चालवतो."

यशाचं कॉर्नेट मी खोलीत ठेवलं नाही. कुणाचा हात नको म्हणून स्वतः घेऊन निघालो, डाव्या काखेत. तोंडाला लावायचा माउथपीस काढून शर्टाच्या खिशात, वरनं बटण. आता बघू म्हटलं कोण वाजवतो ते.

मारुतीच्या देवळापुढं उजवा हात खाली टाकला.

सगळं थांबलं. आणि माझ्या काखेतनं ती धून निघाली.

काखेत पितळ थरथरत होतं... फुंकताना थरथरतं तसं. मी दोन्ही हातांनी ते छातीशी दाबलं. धून पुरी झाली तेव्हाच थांबली. वर बघितलं तर सगळं गाव माझ्याकडं बघत होतं, अन् माझी तेरा माणसंही.

मी खिसा उघडून माउथपीस दाखवला. कोण बघतोय? शिदू म्हणाला, "आता कळलं. यशाला घालवायचा हुता म्हणून हे सगळं तुमीच करत आलायसा. फौजेतली धून तुमच्याबिगर येती कुणाला?"

"शिद्या, मी वाजवली न्हाई!"

"मग कुणी, मारुतीनं?"

लोक हसले. महिन्याच्या आत बँड मोडला.

सांगलीची एसटी धरली. यशा पेठेत थप्पीवर बसला होता, भुवयांपर्यंत पिवळा. माझ्याकडं बघितलं, उठला नाही. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. ते राहिलंच. म्हणालो, "यशा, औंदा कॉर्नेट माझ्या काखेत हुतं. मी वाजवली न्हाई."

"ठावं हाय."

"तुला कसं ठावं? तू तर हितं हुतास."

"मी बी न्हवती वाजवली की, तात्या."

च्या पाजला त्यानं. परत ये म्हटलं, तर नाही म्हणून मान हलवली. एसटीत बसल्यावर मात्र माझ्या मनात किडा वळवळला... हा एवढ्या झटक्यात कसा पटला? मला दोन वर्षांत पटलं नव्हतं, माझ्या दोस्ताचं. याला काही माहीत तर नसेल? उतरून विचारावं वाटलं. उतरलो नाही. आता यशा नाही.

कॉर्नेट पुढं तीस-पस्तीस वर्षं माझ्या उशाशी होतं. त्यानं परत आवाज केला नाही, बारा मेला नाही आणि कधीच नाही. मी रात्रंदिवस नजर ठेवली होती. काय होतं, का त्याच तारखेला, मला अजून कळलेलं नाही. वाचणाऱ्यांत कुणाला कळत असेल तर जरूर कळवा. फक्त यशवंतानं वाजवली असं कुणी लिहू नका. आणि या तात्या म्हाताऱ्यानंच वाजवली असं लिहिणार असाल, तर पोस्टाचं तिकीट वाया घालवू नका.