ढगळ केलेलं बोलणं

दुरुस्तीला आलेला कपडा ती आधी उलटा करायची. वरून सगळेच कपडे सज्जन दिसतात. लबाडी आतल्या शिवणीत असते.

धाकट्या दिराला घरात सगळे 'वकीलसाहेब' म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण वादात हरलेला कुणी पाहिला नव्हता. खिडकीची खोली त्याने अशीच, आईला उजेड हवा म्हणत, घशात घातली होती. ती एवढंच म्हणाली होती, "मशीन उजेडात राहू दे. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही."

"म्हणजे आईने अंधारात पडावं, असं म्हणायचंय का वहिनी?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. मशीन बोळकांडीत गेलं. सासूबाई दोन दिवस खिडकीशी बसल्या, वारा लागतो म्हणून आपल्या खोलीत परतल्या, आणि खिडकीच्या खोलीत त्याची व्यायामाची सायकल आली.

तेव्हापासून ती गप्प राहून त्याचं बोलणं उलटं करून बघत होती. परवा चष्म्याचा नंबर वाढला, तशी जेवताना म्हणाली, "खिडकीची खोली मला परत हवी."

"ऐकलंस आई? वहिनींना आख्खं घर हवंय."

"मी मापाचं बोलले, भाऊजी. तुम्ही ते ढगळ केलंत आणि वर ढगळ म्हणून हसताय. एक खोली म्हणाले मी."

"आणि माझा शर्ट जाळलात इस्त्रीने, त्याचं काय?"

"तो दुसरा कपडा. आधी हा."

"मशीनच्या आवाजाला सगळे कंटाळलेत."

"सगळ्यांतला एक दाखवा."

त्याने भावाकडे पाहिलं. भाऊ ताटात बघू लागला.

"बघा, कशा चिडल्यात."

"चिडलेय, खरंय. म्हणून खोली तुमची होत नाही."

सासूबाईंनी हात धुतले. "त्या सायकलवर टॉवेलच वाळतात रे. मशीन ने गं आत."

सायकल तिने स्वतः ओढत बोळकांडीत नेली, अगदी कोपऱ्यात.

"वहिनी, इथे पायडलसुद्धा दिसत नाही."

ती नुसतं 'हो' म्हणू शकली असती. पण तिने आवाज चढवला, आतपर्यंत पोचेल इतका. "म्हणजे आईंना काही कळत नाही, असं म्हणायचंय का भाऊजी?"

"काय म्हणतोय तो?" आतून सासूबाई.

"अगं आई, मी तसं कुठे..."

त्याला तिथेच अडखळत सोडून ती खिडकीशी बसली. काळा दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला.