काळ्या गडग्याच्या दोन बाजू

स्वयंपाकघराचा ओटा बदलायचं घरात ठरलं, तेव्हा मी तिथं हजर होतो. मला विचारलं गेलं नव्हतं, इतकंच. लोणावळ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मिस्त्री काळी फरशी कापत होता. फिरत्या पात्यावर पाण्याची बारीक धार धरलेली, खाली करडा चिखल साचत चाललेला, आणि घरभर ओल्या, तापलेल्या दगडाचा वास. “अस्सल काळा ग्रॅनाइट आहे साहेब,” मिस्त्री अभिमानानं म्हणाला. माझ्यातला भूशास्त्राचा पदवीधर, ज्याला विमा कंपनीच्या नोकरीनं कधीच निवृत्त केलं होतं, तो खडबडून उठला. ग्रॅनाइट फिकट असतो, त्यात गारगोटीचे कण चमकतात, बाजारात दिसेल त्या काळ्या दगडाला ग्रॅनाइट म्हणतात पण हा तर डोलेराइट, असं मी सुरू करणार तोच आतून बायकोचा आवाज आला, “अहो, त्यांना काम करू द्या. तुमचे दगड परीक्षेत एकदाच पास झाले, तेही काठावर.” आमच्या घरात सत्य बोलायला मनाई नाही. फक्त त्याला श्रोता मिळत नाही.

पण तो वास गेला नाही. तो मला घेऊन गेला थेट मावळाच्या पूर्व अंगाला, सुदुंबऱ्याच्या अलीकडच्या माझ्या आजोळी. तिथं मामांच्या शेताच्या मधोमध एक काळी दगडी रांग आहे. डोंगराच्या पायथ्यापासून निघते ती उतार आडवा कापत दूरवर सरळ जाते. कुठं कमरेइतकी, कुठं पुरुषभर उंच. कुणी मुद्दाम रचलेल्या कुंपणासारखी दिसते, म्हणून गाव तिला गडगा म्हणतं. ती रचलेली मात्र नाही. सह्याद्रीचे हे डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाले. त्या थरांना पुढं उभ्या भेगा पडल्या, आणि खालून पुन्हा चढलेला तप्त रस भेगांत शिरला. त्यातला काही वर पोचून सांडला असेल. पण जो आतच अडकला, त्याला निवायला भरपूर सवड मिळाली. लाव्हा उघड्यावर घाईनं थिजतो, त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. हा मात्र सावकाश थिजला, म्हणून त्याचे कण मोठे, एकमेकांत घट्ट विणलेले. मग भोवतालचा मऊ खडक पावसापाण्यानं झिजून गेला आणि भेगेतला हा कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. शास्त्रात अशा भिंतीला डाइक म्हणतात, आणि तिच्या दगडाला डोलेराइट.

माझे दोन मामा. आजोबा गेल्यावर जमिनीची वाटणी झाली, तेव्हा पंचांनी गडग्याकडं बोट दाखवलं. आयता बांध! दोन्हीकडं जमीन सारखीच, पोतही सारखा, उद्या कुणी बांध कोरला म्हणून भांडणही नको. चिठ्ठ्या टाकल्या. डोंगराकडचं वरचं अंग थोरल्या मामांना आलं, ओढ्याकडचं खालचं धाकट्यांना. सगळ्यांनी गूळ खाल्ला. जमिनीच्या वरचं सगळं मापलं गेलं होतं. जमिनीच्या पोटात काय आहे, याचा विचार मात्र गूळ खाणाऱ्यांपैकी कुणीच केला नाही.

थोरल्यांनी विहीर काढली, ती भर वैशाखातसुद्धा डुबकी मारावी अशी भरलेली. धाकट्यांनी गडग्याच्या खालच्या बाजूला विहीर खणली, ती कोरडी. दुसरी खणली, तीही कोरडी. त्यात पारवे राहायला आले. धाकट्या मामींच्या डोक्यावरचा हंडा काही उतरेना, आणि धाकट्या मामांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली: दादाला आधीच ठाऊक होतं. त्याशिवाय का त्याच्याच वाट्याला पाणी यावं? भावांचं बोलणं बंद झालं. थोरल्यांच्या लेकीच्या लग्नात धाकटे मांडवाबाहेर उभे राहून अक्षता टाकून परतले. आईनं हे सांगताना डोळे पुसले होते. मला तेव्हा मांडवाबाहेर उभं राहून अक्षता नेमक्या आत कशा पडतील, याचंच नवल वाटलं होतं. काही माणसं लहानपणापासूनच निरुपयोगी असतात.

मी पुण्याच्या कॉलेजात दगड शिकत असताना एका उन्हाळ्यात थोरल्या मामांचा निरोप आला. धाकट्यांनी सुरुंगवाला ठरवला होता. गडग्याला भगदाड पाडून पाणी खाली घ्यायचं. तू दगडं शिकतोस तर येऊन बघ, एवढाच निरोप. मी हातोडी, भिंग आणि होकायंत्र घेऊन देहूरोडला उतरलो, तिथून एस.टी.नं गावात. इतकं महत्त्व मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. त्यानंतरही फारसं दिलेलं नाही.

गडग्याशी दोन्ही मामा उभे होते, पण एकमेकांकडं पाठ करून. मागं धाकट्या मामी आणि सुरुंगवाला. मी आधी कडेचा तुकडा फोडला. तो काचेसारखा, अगदी बारीक कणांचा, काळाकुट्ट. कारण तप्त रस भेगेच्या थंड खडकाला जिथं टेकला तिथं चटकन गोठला होता. मधला तुकडा भरड होता. त्यात फेल्डस्पार खनिजाच्या पांढुरक्या काड्या, आणि त्यांच्या मधली जागा पायरॉक्सिन या काळ्या खनिजानं बुजवलेली. सिलिका कमी, लोह आणि मॅग्नेशियम जास्त, म्हणून रंग काळा, हेही मी सांगून टाकलं. होकायंत्र दगडाला लावलं, तर आतल्या लोहखनिजामुळं काटा भलतीकडंच वळला. मी उत्साहानं तेही दाखवलं.

“ह्याचा काटासुदीक भलतीकडंच हाय,” धाकटे मामा म्हणाले. “भाचे, पानी कुटंय ते सांगा. बाकीचं परीक्षेत लिवा.”

तेव्हा मी मुद्द्यावर आलो. डोंगरात मुरलेलं पाणी उतारानं जमिनीखालून ओढ्याकडं जातं. वाटेत हा उभा दगड. त्याच्या कणांत फट नाही, त्यामुळं पाणी याच्यापाशी अडतं आणि वरच्या बाजूला साठतं. वरची विहीर भरते ती यामुळं. खालची कोरडी राहते तीही यामुळंच. धरणाची भिंत जे करते, तेच हा करतो, फक्त मातीखाली.

“मंजी दादानं काय केलं न्हाई?” धाकट्या मामी पटकन बोलून गेल्या.

धाकट्या मामांनी विचारलं, “मंग फोडला, तर पानी आमच्याकडं येतंय का न्हाई?”

“येईल,” मी म्हणालो. “आणि थांबणार नाही. वरची विहीर उतरेल, आणि तुमच्याकडचं पाणीही ओढ्याला लागेल. मग दोन्हीकडं पारवे.”

आता थोरले मामा बोलले. गडग्याकडंच बघत म्हणाले, “फोड म्हनावं त्येला. माजी हीर गेली तर जाऊ दे. पन गावात तोंड वर करून चालायचं हाय मला. सक्क्या भावाचं पानी चोरलं म्हनत्यात.”

सुरुंगवाला पहार टेकवून उभा राहिला. त्याला दोन्ही बाजूंनी हुकूम मिळाला होता, आणि तरी त्याचा हात चालेना. धाकटे मामा खाली बसले. दगडाच्या एका झिजलेल्या गोट्याचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत होते, ते नखानं काढत राहिले. मग धाकट्या मामी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “गडगा फोडायचं खूळ कशापायी? वरनं पाइप जात न्हाई व्हय? का पाइपालाबी तुमच्यासारखाच ताठा हाय?”

इतकं सोपं कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. पण पाइप टाकायचा तर पाणी मागावं लागलं असतं, आणि मागायचं तर आधी बोलावं लागलं असतं. गडगा फोडणं त्या मानानं सोपं होतं.

मी पुण्याला परतलो, तोवर पाइप गडग्यावरून पलीकडं गेला होता. पाळ्या ठरल्या. त्यापायी कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. आमच्या आजोळी ती पद्धत नाही. पाळी आली की धाकटे मामा गडग्याशी येऊन हाक मारत, “दादा, मोटार सुरू करा.” पलीकडून “व्हय,” एवढंच. कैक वर्षांच्या अबोल्यानंतर दोघा भावांत हेच पहिलं बोलणं झालं, आणि बराच काळ तेवढंच राहिलं. पुढं त्याला शेपटं फुटली. लाइट गेली का, कांदा कसा हाय, गुडघा काय म्हनतोय.

गडग्याचा एक तुकडा मी कॉलेजात नेला होता. सर म्हणाले, नीट पृथक्करण केलं तर हा रस डोंगराच्या कुठल्या थराचा सख्खा, ते कळू शकतं. दिसायला सगळेच काळे. नातं कळतं ते लेशमात्र असलेल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून. कॉलेजात तसलं यंत्र नव्हतं, त्यामुळं गडग्याची भावकी कुठली, ते मला अजून ठाऊक नाही.

नंतर गावात नळ आले, कारखाने आले, मामेभावांनी पगाराच्या नोकऱ्या धरल्या. धाकट्या मामांची निम्मी जमीन पडीक राहिली. वरच्या विहिरीच्या पाण्याची त्यांना गरज उरली नाही, आणि उन्हानं तडकलेला पाइपही कुणी बदलला नाही. मी एकदा संध्याकाळी गेलो, तर धाकटे मामा काठी टेकत गडग्याकडं निघालेले. मी मागोमाग गेलो. दगडाला हात लावून उभे राहिले, श्वास सावरला आणि हाक मारली, “दादा, मोटार सुरू करा.”

पलीकडं मोटारही नव्हती. कधीच काढून विकली होती. बऱ्याच वेळानं थोरल्या मामांचा आवाज आला, “व्हय.”

मग दोघं आपापल्या बाजूला, गडग्याला टेकून, अंधार पडेपर्यंत बोलत बसले.