तीन जाहीरनामे आणि एक पाळणाघर

"मॅडम, तिन्ही पक्ष चांगलंच म्हनत्यात की. मग निवडायचं कसं?"

पिरंगुटला संघटनेच्या मीटिंगमध्ये संगीताताईंनी माझा तक्ता खाली ठेवला आणि माझा आठवडाभराचा अभ्यास निकालात निघाला.

मी पॉलिसी रिसर्चर. म्हणजे पक्षांची आश्वासनं वाचून ती लोकांना समजतील अशी मांडायची. कंपन्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या बायकांच्या या संघटनेकडे तीन डावे पक्ष पाठिंबा मागत होते. तिघांची सामाजिक धोरणं शेजारी शेजारी मांडा, एवढंच माझं काम. मी शिक्षण, आरोग्य, पेन्शन, पाळणाघर असे रकाने पाडले आणि जिथं आश्वासन तिथं टिक मारली. सगळीकडे टिकाच टिका! आमच्या सरांना तक्ता फार 'क्लीन' वाटला. खरं सांगायचं तर मलाही.

संगीताताई भरे गावच्या, पॅकिंगला होत्या. त्यांची दोन वर्षांची मुलगी सासूबाई सांभाळायच्या, पण सासूबाईंना आता नीट दिसत नव्हतं. महिनाअखेरपर्यंत सोय झाली नाही तर नोकरी सोडायची, असं घरात ठरलं होतं.

"पाळणाघर तर तिघंही देणार आहेत," मी म्हटलं.

"व्हय, पन किती वाजेस्तवर? माझी शिफ्ट सुटती साडेतीनला. एक वाजताच बंद केलं तर पोरीला ठेवू कुटं, मशिनीवर?"

बायका खळखळून हसल्या. मला मात्र लाज वाटली. जाहीरनाम्यांत वेळ कुठंच नव्हती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही पक्षांना फोन लावले. पहिले म्हणाले, "ताई, आम्ही व्यवस्था बदलायचं बोलतोय आणि तुम्ही घड्याळाचं!" दुसऱ्यांनी तीच पीडीएफ पुन्हा पाठवली. तिसऱ्यांच्या कार्यकर्त्या मात्र रविवारी भऱ्यात येऊन बायकांमध्ये बसल्या. सरपंचांच्या मागे लागून त्यांनी समाजमंदिराची खोली चारपर्यंत मिळवली. मुलं सांभाळायला गावातल्याच निवृत्त अंगणवाडीताई तयार झाल्या.

संघटनेनं त्याच पक्षाला पाठिंबा दिला. उमेदवार पडला, तोही सपाटून. पाळणाघर चालू आहे आणि संगीताताई कामावर आहेत.

आता तक्त्याचे रकाने मी पाडत नाही, मत देणाऱ्या बायका पाडतात. सरांच्या रिपोर्टमध्ये त्याला 'पार्टिसिपेटरी मेथड' म्हणतात. संगीताताई म्हणतात, "आदीच इचारलं असतं तर तुमचा आठवडा वाचला असता."