जास्वंदीवरच्या चिंध्या

आमचे वटारचे मामा फळ नाकाने बघायचे. पपई हातात घ्यायची, देठाशी अंगठा दाबायचा, हुंगायची आणि सांगायचं, "उद्या संध्याकाळी कापा." मनवेलपाड्याहून वाडीत पपया घ्यायला येणाऱ्या बायकांना या नाकाचं भारी कौतुक. मामाही मिशीतल्या मिशीत हसून ते ऐकून घेत.

जास्वंदीला मात्र वास नाही, तिथे नाकाचं काही चालत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत मामा लालभडक फुलांनी लगडलेल्या झाडासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा झाड फुललंच नाही!" आजी म्हणाली, "डोळे आहेत की बटणं?" हा किस्सा घरात कितीदा ऐकला असेल! पुढे मात्र ते बरोबर फुलं आणू लागले. लहानपणी मी त्यांच्यासोबत जाई. जिथे पांढरी चिंधी बांधलेली, तिथे हात घालून चाचपायचं, की फूल लागायचं. "मामी पाखरांना भिववायला बांधते," मामा सांगत. मलाही फुलं तशीच सापडत. मला वाटे, सगळ्यांनाच तशी सापडतात.

रेल्वेचं इंजिन चालवायचं, एवढं एकच माझं स्वप्न होतं. लेखी परीक्षा पास झालो आणि डोळ्यांच्या तपासणीत आपटलो. रंगीत ठिपक्यांतला आकडा मला दिसेचना. डॉक्टरांनी समजावलं. डोळ्याच्या पडद्यावर दंडाकार पेशी असतात, त्या अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. रंगांसाठी तीन प्रकारच्या शंकूसारख्या पेशी लागतात, आणि माझ्यातला एक प्रकार जन्मापासूनच बिघडलेला. हे आईकडून येतं म्हटल्यावर आई रडायला लागली. मी तडक मामांकडे गेलो.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मला सोनचाफ्याखाली उभं केलं. फुलं करडी, पानं काळी.

"आता कुणाला रंग दिसतोय?"

"कुणालाच नाही, मामा. आता सगळ्यांच्या दंडाकार पेशीच काय त्या जाग्या."

"म्हणजे या घटकेला अख्खं गाव आपल्यासारखं!" ते खूश झाले. मग हळूच म्हणाले, "मलाही लाल-हिरवं कळत नाही रे. उभा जन्म लपवलं. मामीला बोलू नकोस. तिला वाटायचं, कसल्या आंधळ्याच्या गळ्यात पडले."

त्या 'आपल्यासारखं'ने माझी निम्मी लाज गेली. पुढे मी विरारला विज्ञानाचा शिक्षक झालो. डोळ्याचा धडा मी आजही सोनचाफ्यापासूनच सुरू करतो.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्यानंतर सकाळी मामींनी माझ्या हाती परडी दिली. जास्वंदीवर नव्या चिंध्या होत्या, मामांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या.

"मामी, पाखरं फार झालीत का?"

"पाखरं कधीच नव्हती. त्या पहिल्या गणपतीनंतर मी बांधायला लागले. त्यांना कळलं असतं तर वाईट वाटलं असतं."

"मग आता कुणासाठी?"

"लहानपणी तूही चाचपायचास," मामी म्हणाल्या. "तू येणार होतास ना."

मी चिंधीपाशी हात घातला. फूल तिथेच होतं.