रांगोळीतलं टेनिस

भाऊंनी मारलेला चेंडू रेषेबाहेर पडला, की माझ्याआधी तेच ओरडत, "गेला! गुण तुझा!" मला पुष्कळदा काही दिसलेलंच नसे. मी आपला भिडेपोटी म्हणे, "आत होता, भाऊ." त्यावर ते खरोखर चिडत. "तुला दिसलं नाही, मला दिसलं. दिसलं ते बोलावं. नसेल दिसलं तर गप्प बसावं."

त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला धास्ती वाटते, काही उणं-अधिक लिहिलं जाईल म्हणून. इंग्रजी दुसरीतून शाळा सुटलेला मी, राजापूरकडून ठाण्याला आलो तेव्हा कोणाचा कोण. भाऊंनी नौपाड्यातल्या घराच्या पडवीलगतची खोली मला दिली. वहिनींनी दोन्ही वेळा पान वाढलं. आज इथे कराचीला मालधक्क्याच्या कचेरीत बसतो, तेही त्यांच्याच शब्दामुळे.

भाऊ कलेक्टर कचेरीत कारकून होते. बदली होऊन जाणाऱ्या कोण्या साहेबाने आपल्या दोन जुन्या बॅटी त्यांना दिल्या, आणि हा गृहस्थ त्या खेळाच्या नादी लागला. परसातलं अंगण चोपून सारवून घेतलं. चेंदणीच्या कोळ्याकडून जुनं जाळं आणून मधोमध बांधलं. त्याचा वास चैत्र सरेपर्यंत जात नसे. रेषा मात्र मनूच्या. मनू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. रोज ऊन कलल्यावर ती चिमटीतून रांगोळी सोडत अशी सरळ रेघ ओढी, की भाऊ म्हणत, "कचेरीतले नकाशे हिच्याकडून काढून घ्यायला हवेत."

उन्हाळा आला की भाऊ पांढरे होत. पांढरी बंडी, पांढऱ्या धोतराचा घट्ट काचा, मोच्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले किंतानाचे पांढरे जोडे. "या खेळाला पांढरंच लागतं," ते म्हणत. वहिनी आतून म्हणत, "आणि त्या पांढऱ्याला धुणारं माणूस लागतं, तेही सांगा." खेळाच्या मध्ये पन्हं, खेळ संपला की वाळ्याचं गार पाणी. शेजारचे लोक कुंपणाशी उभे राहून विचारत, "काय भाऊसाहेब, आज चेंडू मारताय की माश्या?" भाऊ हसत. कोणी हसलं म्हणून त्यांचं कधी काही अडलं नाही.

एक गोष्ट मला चमत्कारिक वाटे. बॅटी पडवीतल्या खुंटीवरच राहत, उंबऱ्याच्या आत कधी येत नसत. आणि खेळ झाल्यावर भाऊ विहिरीवर अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसत. मी ते घामामुळे समजे.

एका उन्हाळ्यात मनूचं लग्न ठरलं. कल्याणचं घर, चांगलं नांदतं. मुलगा वकिलीच्या परीक्षेला बसलेला. मुलाचे काका तिथी पक्की करायला आले. अंगणात पाट मांडले, वहिनींनी कैरीची डाळ वाढली. मनू दाराआड. इतक्यात एक गल्लीतलं कुत्रं पडवीत शिरलं. खुंटीवरून घसरलेली बॅट ओढत ते अंगणात आलं आणि चवीने तिच्या विणलेल्या तारा चावत बसलं.

काका हसले. "अहो भाऊसाहेब, तुमच्या गावची कुत्री लाकूड खातात वाटतं?"

मी धावून कुत्रं हाकललं. दोन-तीन तारा तुटल्या होत्या. काकांचं हसू ओसरत गेलं. "त्या दोऱ्या कसल्या हो?"

दारातून वहिनीच म्हणाल्या, "रेशीम असेल. साहेबलोकांचं काय, सगळं रेशमाचं."

काका चांगले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी वाटीत बघत म्हटलं, "रेशीमच असणार. हो म्हणा, भाऊसाहेब, आणि आणखी थोडी डाळ मागवा."

भाऊंनी दाराकडे पाहिलं. मनूच्या बांगड्या वाजल्या.

"आतडं आहे," भाऊ म्हणाले. "मेंढ्याचं."

काकांनी वाटी खाली ठेवली. पाणीसुद्धा न घेता उठले.

भाऊंनी पुढे प्रायश्चित्त घेतलं, पंचगव्य प्यायले, ब्राह्मणांना जेवायला बोलावलं. निम्मे आले. कल्याणहून नकार आला, आणि तो एकट्या कल्याणचा राहिला नाही. स्थळ शोधायला जावं, तर 'आतडेवाले' हे नाव आमच्या आधी प्रत्येक गावी पोचलेलं असे. दोन उन्हाळे गेल्यावर मनूला आंबिवलीपलीकडच्या एका बिजवराला दिली. तो वयाने भाऊंच्या बरोबरीचा होता. त्याने तिला माहेरी म्हणून कधी पाठवली नाही.

त्या सुमारास भाऊंनी बॅटींना सुताचा पीळ ओवून पाहिला. चेंडू त्यावर आदळून मेल्यासारखा पायाशी पडे. "आवाजच नाही रे," एवढंच म्हणाले.

कराचीहून मी एकदाच ठाण्याला जाऊ शकलो. अंगणात पापड वाळत होते. जाळं नव्हतं, रेषाही नव्हत्या; आणि तरी भाऊ विहिरीकडे जाताना जुन्या रेघेच्या कडेकडेने वळसा घालून गेले. वहिनी माझ्याशी बोलल्या, त्यांच्याशी नाही.

मी निघताना भाऊ फाटकापर्यंत आले. थांबले.

"मी रेशीम म्हटलं असतं, तर रे?"

माझ्या ओठांवर चार बऱ्या गोष्टी आल्या. दैव, नशीब, तिकडचे लोकही तसलेच. पण ते माझ्याकडे बघत होते, रेषेकडे बघत तसे.

"तर मनू कल्याणला असती, भाऊ."

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

"दिसलं ते बोललास," म्हणाले, आणि पापडांना वळसा घालून आत गेले.