तेऱ्याची भाजी आणि न उच्चारायचा शब्द

नांदगावच्या रुक्मिणीबाईंची तेऱ्याची भाजी गावात नावाजलेली आहे. तेरे म्हणजे पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारे रानटी अळू. ते कच्चे राहिले तर खाणाऱ्याचा घसा धरतो. म्हणून हातांना तेल लावून ते चिरावे, भरपूर आमसुले घालावीत आणि फणसाच्या आठळ्यांसह पुष्कळ वेळ शिजवावे, अशी रीत आहे. रुक्मिणीबाई ती काटेकोरपणे पाळतात. परंतु त्यांचा खरा भरवसा आमसुलांवर नाही. 'खाज' हा शब्द भाजीच्या कानावर गेला तर ती हमखास खाजते, असे त्यांचे ठाम मत आहे. म्हणून त्या घरात घसा खाजला, तर 'गोड लागता' असे म्हणावयाचे. एकदा त्यांचे यजमान अप्पा "गोड लागता, गोड लागता!" असे ओरडत विहिरीकडे धावले, तेव्हा शेजाऱ्यांना त्यांच्या पत्नीप्रेमाचे फार कौतुक वाटले होते.

या श्रावणात लेकीची, म्हणजे दिव्याची, सासू आनंदीबाई देवगडहून प्रथमच जेवावयास आल्या. विहिणीचा घसा धरला तर दिव्याला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील, या धास्तीने रुक्मिणीबाईंनी आमसुले दुप्पट घातली आणि अप्पांना आधी चाखावयास लावले. अप्पांनी मान डोलावली, तेव्हाच पाने वाढली गेली.

आनंदीबाईंनी पहिला घास घेतला. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "गोड लागता हां!"

अप्पांचा घास हातातच राहिला. रुक्मिणीबाईंनी झटकन विहिणीपुढची वाटी उचलली आणि गुळाचा खडा पुढे केला.

"अवो विहीणबाई, वाढलेला काढून कित्याक घेतास?" आनंदीबाईंचा चेहरा उतरला. "माका जेवक बोलवल्यात, की वास घेवक?"

आता भाजी सांभाळावी की लेकीचे सासर? रुक्मिणीबाईंनी मन घट्ट केले.

"आमच्याकडे खाजला काय 'गोड' म्हणतत. तुमका खाजता ना?"

शब्द तोंडातून सुटताच अप्पांनी धावत जाऊन भाजीच्या टोपावर झाकण ठेवले.

आनंदीबाईंना हसता हसता ठसका लागला. "माका खरांच गोड लागली वो! द्या ती वाटी हयसर."

त्यांनी वाटी चाटूनपुसून संपविली. दुसऱ्यांदा वाढताना रुक्मिणीबाईंनी भीत भीत विचारले, "आता कशी लागता?"

आनंदीबाईंनी वाटी डाव्या हाताने घट्ट धरली.

"बरी लागता. गोड म्हटलंय तर परत काढून घेशात."