जुईच्या बहिणी आणि पिठावरचं पाऊल

ही गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मेथी निवडत बसलो होतो. दुबईत, सिलिकॉन ओएसिसला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. फोन डब्याला टेकवलेला, त्यात आमची नात जुई. अमेरिकेत कॉलेजला असते. म्हणाली, "आजी, आय गॉट इन! सोरोरिटीत घेतलं मला." म्हणजे काय, तर कॉलेजातल्या पोरी एकमेकींना बहिणी मानतात नि एका घरात राहतात.

मी म्हटलं, "शिकायला गेलीस की बहिणी गोळा करायला?"

ती फायदे सांगायला लागली. मोठ्या मुली अभ्यास घेतात, नोकरीला ओळख देतात. ही मला म्हणाली, "अहो, काड्या भाजीत टाकताय, तिकडे बघा." मग जुईला, "ताप आला तर उशाशी कोण बसतं गं?"

"सगळ्या बसतात, आजी."

"मग राहा."

दुपारी हिच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलमधून मी एकटाच परत आलो.

गावच्या मंडळींनो, आपल्याकडे माणूस गेलं की चूल बंद, नि शेजारी कडू घास घेऊन येतात. इथं दुसऱ्या दिवशी दहन झालं. घरी येताना लिफ्टमधले लोक हसून "गुड ईव्हनिंग" म्हणाले. त्यांना काय ठाऊक! डिलिव्हरीवाला जेवणाची पिशवी दाराला अडकवून गेला.

मुलाला, संजयला, एकच धास्ती. पोर तिकडे एकटी आहे. "खलास बाबा, पुरे झालं आता, तिला इथल्याच कॉलेजात घालतो." मलाही पटलं. परक्या पोरी, त्या किती दिवस बहिणी राहणार?

त्या रात्री मी रीत केली. ताटात पीठ पसरायचं, त्यावर दिवा, वर टोपली. सकाळी बघायचं, पिठावर काय उमटलंय. जीव कुठं गेला ते कळतं म्हणतात. जुईनं फोनवर विचारून घेतलं नि तिनंही तिकडे मांडलं.

सकाळी माझं पीठ काचेसारखं सपाट. एसी तेवढा घुं घुं करत होता.

संध्याकाळी जुईचा फोन आला. तिथं सकाळ. हॉलभर अंथरुणं. दिवा विझू नये म्हणून पोरी पाळीपाळीनं जागल्या होत्या. एक जण तिला मऊ भात भरवत होती. "मीठ विसरल्यात, आजोबा," जुई म्हणाली. मग वेताची टोपली बाजूला करून तिनं फोन खाली धरला.

मैद्यावर पाऊल होतं. नुसता चवडा. दुसऱ्या बोटाच्या बुडाशी जोडव्याची गोल खूण.

"कुणाचा चावटपणा हा?" मी ओरडलो. एक उंच पोर रडायलाच लागली. सगळ्यांनी पाय पुढे करून दाखवले. जोडवं एकीच्याही पायात नाही. टाच दुखायची म्हणून ही अलीकडे चवड्यावरच चालायची. ते त्या पोरींना कुठून ठाऊक?

मी फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिलं. मग राग आला. सगळा जन्म माझ्याबरोबर काढला, नि गेली ती थेट तिकडे. माझ्या पिठाला शिवली नाही. बघायला गेली असणार, उशाशी खरंच कोण बसतं ते.

संजय मागून म्हणाला, "बाबा, जुईचं इकडचं तिकीट काढू का?"

"गप रे. ती घरी आहे."

पोरी लांब पाठवलेल्यांनो, नोकरीची ओळख वगैरे राहू द्या बाजूला. आपलं माणूस गेलं हे जिथं चार जणांना माहीत असतं, ते घर. माझं गावचं कुलपात आहे, नि इथं मला कोणी ओळखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. एक केरळची बाई ऑफिसला निघालेली, पर्स खांद्याला. "यस, अंकल?"

मी म्हटलं, "मेरी घरवाली गुजर गयी."

तिनं पर्स खाली ठेवली नि दार सताड उघडलं.